देवाचा गौरव आणि सास्तूर

माझं माहेर मिरजेचं, प्रेस्बिटेरियन मिशनच्या वळणातलं. माणूस कशासाठी जन्मला, तर देवाच्या गौरवासाठी, हे उत्तर संडे स्कूलमध्येच पाठ झालेलं. १६४७ सालच्या वेस्टमिन्स्टर प्रश्नोत्तरीचा पहिलाच प्रश्न तो. लग्न होऊन उमरग्याला आले आणि पुढे त्या उत्तराशी माझं बिनसलं.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, आणि पहाटे चारच्या सुमारास भूकंप. उमरग्याजवळच्या सास्तूर भागात दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचं माळवद झोपलेल्या माणसांवरच आलं. नंतर पत्र्याच्या शेडमधल्या एका प्रार्थनेत बाहेरगावचे पाळक म्हणाले, यातूनही देवाचा गौरव होईल. माझ्या पुढ्यात बसलेली बाई पदराच्या टोकाला गाठ मारत होती, सोडत होती. तेव्हापासून हा देव मला चौकाचौकात स्वतःच्या वाढदिवसाचे फलक लावून घेणाऱ्या पुढाऱ्यासारखा वाटू लागला. तेरच्या गोरोबाकाकांची कथाही सोसेना: भजनात तल्लीन बाप आणि पायाखाली चिखलात लेकरू. (कथेतलं लेकरू परत मिळतं. सास्तुरातली मिळाली नाहीत.)

मत बदललं ते योहानाच्या शुभवर्तमानानं. उपासनेत तुकड्यातुकड्यानं ऐकलेलं ते पुस्तक एकदा सलग वाचलं. बाराव्या अध्यायात येशू आपल्या गौरवाची घटका आली म्हणतो, तेव्हा समोर सिंहासन नाही, क्रूस आहे. अकराव्यात लाजाराचा आजार देवाच्या गौरवासाठी आहे असं तोच सांगतो, आणि तोच कबरीकडे जाताना रडतो. जो स्वतः रडतो आणि क्रूसावर जातो, त्याला स्तुतीचा भुकेला कसं म्हणायचं? माझा आरोप तिथं टिकेना.

मग अमेरिकन धर्मशास्त्रज्ञ जोनाथन एडवर्ड्स हाती आला. सृष्टीच्या हेतूवरचा त्याचा प्रबंध मृत्यूनंतर, १७६५ मध्ये निघाला. देवाला काही उणं होतं म्हणून त्यानं जग केलं नाही. त्याच्या ठायीची पूर्णता बाहेर ओसंडली आणि माणसाचं सुख त्या ओसंडण्यातच आहे, असं तो मांडतो. हे आज मला मान्य आहे. पाप्याच्या सार्वकालिक शिक्षेतूनही देवाचा गौरव होतो, हे त्याचं म्हणणं मात्र मान्य नाही. त्यावर वाद घालायलाही मी तयार आहे.

पाळकांना एवढीच विनंती: मयताच्या घरी गेलात तर गौरवाचं वचन निदान पहिल्या दिवशी काढू नका.