पेशी

२०२४ च्या मे महिन्यात माझी भाची वर्ध्याहून बस्सीला आली, ती बारावीचं जीवशास्त्र शिकायला. बारावी ती आदल्याच वर्षी झाली होती. पण अकरावीत तिने जीवशास्त्राऐवजी इलेक्ट्रॉनिक्स घेतलं होतं आणि आता तिला डॉक्टर व्हायचं होतं. पूर्वी हा दरवाजा तिथेच बंद झाला असता. नोव्हेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सूचना काढली, की बारावीनंतर जादा विषय म्हणून जीवशास्त्र उत्तीर्ण झालेल्यांनाही नीट देता येईल. मग मुक्त विद्यालयात एका विषयाचा प्रवेश घेतला. कोटा-सीकर ताईच्या आवाक्याबाहेरचं होतं. माझं घर फुकटचं.

बस्सी म्हणजे जयपूरपासून तीसेक किलोमीटरवर, आग्र्याच्या रस्त्यालगत. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही इथे आलो. इथल्या उन्हाळ्यात सकाळी दहानंतर बाहेर पडायचं ते लू अंगावर घेऊनच. भाची सहाला क्लासला जायची, नऊला घामाघूम होऊन परत यायची आणि कूलरसमोर बसून वही उघडायची. क्लास हिंदीतून, विकत घेतलेलं पुस्तक इंग्रजी, आणि तिच्या डोक्यात दहावीपर्यंतचं मराठी विज्ञान. मध्ये पूल म्हणून मी. तौलनिक साहित्यात एम.ए., वीस वर्षं हिंदीतून मराठीत अनुवाद. अकरावीच्या नोट्स मला काय अवघड जाणार?

वहीत तीन रकाने आखले. कोशिका, सेल, पेशी. ऊतक, टिश्यू, ऊती. सूत्रकणिका, मायटोकॉन्ड्रिया, तंतुकणिका. मला मजा येऊ लागली होती, हे कबूल करते.

मग नोट्समध्ये ‘पेशीय ऊतक’ आलं. तिने विचारलं, मी पोळ्या लाटता लाटता सांगितलं, “पेशींनी बनलेली ऊती.”

“मावशी, सगळ्याच ऊती पेशींच्या असतात ना? मग ही वेगळी कशी?”

“व्याख्या आहे ती. पाठ कर.”

तिने पाठ केलं. आठवड्याच्या चाचणीत हाडाला हाड कशाने जोडलं जातं, असा प्रश्न होता. पर्यायांत ‘स्नायु’ होतं. मावशीच्या मराठीत स्नायू म्हणजे मसल, म्हणून तिने ते सोडून ‘कंडरा’वर खूण केली. पेपरभर असंच. पंचवीसपैकी नऊ. ती रडली नाही, पण दुपारी जेवली नाही.

उलगडा शेजारच्या अकरावीतल्या मुलाने केला. “आंटीजी, पेशी मतलब मांसपेशी. और स्नायु लिगामेंट होता है.” मांसपेशी! हा शब्द मी कितीतरी कादंबऱ्यांतून ‘स्नायू’ असा मराठीत आणला आहे, डोळे मिटून. पण त्यातली ‘पेशी’ वेगळी काढून समोर ठेवली, तर मी तिला ओळखलं नाही. बरं, ‘पेशी’ इथे रोजच कानावर पडते. आमचे घरमालक जमिनीच्या दाव्यात अडकले आहेत. “आज पेशी है” म्हणत तारखेला जातात. ती पेशी मला बरोबर कळायची.

चूक कुणाची म्हणून मी रात्री शोधत बसले. वरमलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार. सुश्रुताने शरीरात ५०० पेशी आणि ९०० स्नायू मोजलेत. म्हणजे हिंदीने जुना अर्थ धरून ठेवला, सरकलो आपण. सकाळी भाचीला हे सांगितलं, तर ती म्हणाली, “पाचशे पेशींचा माणूस? मावशी, तो दिसणार पण नाही.” त्या घरात चार दिवसांनी हसू आलं. पण त्याच सकाळी तिने पट्टी घेऊन मराठीचा रकाना उभ्या रेघेने बंद केला. “राग नाही गं. वेळ नाही.”

मी काही बोलले नाही. नीटमधल्या १८० प्रश्नांपैकी ९० जीवशास्त्राचे. तिथे माझ्या शब्दप्रेमाला काय जागा.

ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या परीक्षेत ती जीवशास्त्र पास झाली. नीटचा अर्ज भरताना तिने फोन केला. जयपूरचं केंद्र घेतलं असतं, तर मराठी प्रश्नपत्रिका मिळालीच नसती. ती महाराष्ट्रातल्या केंद्रांवरच मिळते. तिने वर्धा घेतलं होतं. मी आशेने विचारलं, “मग मराठी?”

“इंग्रजी. भाषांतरात घोळ असला तर इंग्रजीतलंच धरतात, नियमच आहे. मग सरळ तेच वाचलेलं बरं ना?”

भाषांतरात घोळ. तिने मला उद्देशून म्हटलं नव्हतं, अर्जावरचं वाचून दाखवलं होतं.

तिची वही इथेच राहिली आहे. चौदाव्या पानानंतर मराठीचा रकाना नाही. परवा हातातल्या कादंबरीत ‘मांसपेशियाँ’ आलं. ‘स्नायू’ लिहिलं, आणि उठून ती वही काढून पुन्हा एकदा बघून आले.