स्क्रीन फिरते, पण दुरुस्ती कुठे?

दीड-दोन लाखांचा टू-इन-वन, म्हणजे स्क्रीन मागे दुमडून टॅबलेटसारखा वापरता येणारा लॅपटॉप घ्यावा का, हा प्रश्न वर्ध्याजवळच्या सावंगी (मेघे) इथे वरचेवर निघतो, आणि तो इथे निघणं साहजिक आहे. १९९० साली जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, त्याला लागून आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय, दंत, आयुर्वेद, नर्सिंग अशी महाविद्यालयं उभी राहिली. त्यामुळे दिवसभर टाइप करणारी आणि तितकीच हाताने आकृत्या काढणारी माणसं या गावात शहराइतकी दाटीने राहतात. थीसिस लिहिणारा पीजीचा विद्यार्थी, शरीररचनाशास्त्र शिकवणारी प्राध्यापिका, ओपीडीत रुग्णाला एक्स-रे समजावून सांगणारा अस्थिरोगतज्ज्ञ या सगळ्यांना कीबोर्डही लागतो आणि पेनही. अशा कामासाठी हे यंत्र मी सावंगीतच वापरतो आणि त्यावरून माझं मत पक्कं झालं आहे. या लॅपटॉपचं बळ आणि त्याचा दोष या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. ज्या रचनेमुळे स्क्रीन पूर्ण फिरते, त्याच रचनेमुळे तो दुरुस्तीला अवघड होतो. म्हणून त्याची किंमत दुकानातल्या आकड्यावर न मोजता पाच-सात वर्षांच्या हिशेबावर मोजायला हवी.

आधी बळाबद्दल, कारण ते खरं आहे. मायक्रोसॉफ्टने २००२ मध्ये टॅब्लेट पीसी आणला तेव्हा अनेक मॉडेलांची स्क्रीन मधल्या एकाच खुंटीवर गरकन वळायची. ती खुंटी हाच त्यांचा कच्चा दुवा होता. २०१२ च्या लेनोवो योगाने दोन्ही कडांना बिजागऱ्या देऊन स्क्रीन मागे पूर्ण ३६० अंश दुमडली. पुढच्याच वर्षी थिंकपॅड योगा आला. त्यात स्क्रीन मागे गेली की कीबोर्डभोवतीची चौकट वर येऊन कळा अडकून बसत, म्हणजे खालच्या बोटांनी चुकून काही दाबलं जात नसे. २०१६ पासूनचा एक्स१ योगा, एचपीचे एलिटबुक एक्स३६०, डेलचे लॅटिट्यूड टू-इन-वन हे सगळे याच घराण्यातले. या रचनेचा खरा फायदा टेबलापलीकडे दुसरा माणूस बसलेला असतो तेव्हा कळतो. साधा लॅपटॉप डॉक्टर आणि रुग्ण यांच्यामध्ये भिंतीसारखा उभा राहतो. इथे स्क्रीन मागे दुमडून यंत्र तंबूसारखं उभं केलं किंवा सपाट आडवं ठेवलं, की समुद्रपूर नाहीतर आर्वीकडून आलेल्या आजींना आपल्या खुब्याचं हाड कुठे मोडलं आहे ते दिसतं. डॉक्टर त्याच चित्रावर पेनाने रेघ मारून रॉड कुठे बसणार ते दाखवतो. शस्त्रक्रियेला संमती देणाऱ्याला आपण कशाला हो म्हणतो आहोत हे कळणं ही चैन नव्हे, तो त्याचा हक्क आहे. यंत्राच्या बाजूने याहून मोठा मुद्दा मला दिसत नाही.

पेनाबद्दलही एवढंच ठामपणे म्हणतो. चांगल्या बिझनेस मॉडेलांत पेनाचं टोक आणि उमटणारी रेघ यांत जाणवण्याइतकं अंतर राहत नाही, तळहात काचेवर टेकला तरी खोट्या रेघा उठत नाहीत, दाब वाढवला की रेघ जाड होते. काहींत पेन लॅपटॉपच्या अंगातल्या खोबणीतच बसतं आणि तिथेच चार्ज होतं, त्यामुळे ते ओपीडीच्या गर्दीत हरवत नाही. मज्जातंतूंचं जाळं फळ्यावर काढायचं आणि मग पुसायचं, त्याऐवजी ते स्क्रीनवर काढलं तर तास संपल्यावर तसंच्या तसं विद्यार्थ्यांना पाठवता येतं. मात्र हे सगळं यंत्र पूर्ण दुमडलेलं असताना. उभ्या स्क्रीनवर लिहायला गेलात तर ती डुगडुगते, आणि जुन्या होत जाणाऱ्या बिजागरीबरोबर ते डुगडुगणं वाढत जातं.

आता दोष. वजनाचं आधी सांगून टाकतो. चौदा इंची यंत्र साधारण सव्वा ते दीड किलोचं असतं. मांडीवर ते हलकं वाटतं, पण वॉर्डात राउंडला एका हातावर धरून उभं राहिलं की अर्ध्या किलोचा टॅबलेट किती बरा हे मनगट सांगतं. स्पर्शाची काच बहुधा चकचकीत असते, त्यामुळे खिडकीजवळ रुग्णाच्या चित्राऐवजी आपलाच चेहरा दिसतो. आणि वर्ध्याचा उन्हाळा! बहुतेक उत्पादकांच्या माहितीपत्रकात चालू यंत्रासाठी भोवतालच्या तापमानाची वरची मर्यादा ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास दिलेली असते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. पातळ अंगात पंखा लहान आणि हवेला वाट अरुंद, त्यामुळे प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करून घेतो. ज्या वेगासाठी पैसे मोजले तो नेमका उन्हाळ्यात मिळत नाही. सतत गरम आणि सतत शंभर टक्के चार्ज राहणारी लिथियमची बॅटरीही लवकर थकते.

पण हे दोष सांभाळून घेता येतात. सांभाळता न येणारा दोष दुरुस्तीचा आहे. स्क्रीन फिरायची म्हणजे ती पातळ हवी. म्हणून काच, स्पर्शाचा थर, पेन ओळखणारा थर आणि पॅनेल एकमेकांना चिकटवून एकच तुकडा केलेला असतो. काचेला तडा गेला की नुसती काच बदलता येत नाही, अख्खा तुकडा बदलावा लागतो. स्क्रीनची केबल बिजागरीतून जाते आणि प्रत्येक उघडझापीला थोडी वाकते. या वर्गातल्या बहुतेक यंत्रांत रॅम मदरबोर्डलाच सोल्डर केलेली असते. ती बिघडली तर बोर्ड गेला, आणि कमी पडली तर इलाज नाही. एसएसडी बदलता येते, बॅटरीही स्क्रू काढून बदलता येते, एवढाच दिलासा.

याचं मोजमाप करायला गांधीजींच्या वर्धा जिल्ह्यात दूरची फूटपट्टी आणायची गरज नाही. १९२९ मध्ये त्यांच्याच अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं. त्याच्या अटी आजही वाचाव्यात अशा आहेत. यंत्र हलकं आणि सहज हलवता येणारं असावं, बाईमाणसाला फार श्रम न होता सलग आठ तास चालवता यावं, किंमत दीडशे रुपयांहून जास्त नसावी, वेळच्या वेळी देखभाल केली तर ते वीस वर्षं टिकावं आणि देखभालीचा वर्षाचा खर्च यंत्राच्या किमतीच्या पाच टक्क्यांवर जाऊ नये. लॅपटॉपकडून वीस वर्षांची अपेक्षा कुणी करणार नाही. पण पाच टक्क्यांची अट लावून पाहा. दोन लाखांच्या यंत्राला वर्षाला दहा हजार. फुटलेली टचस्क्रीन किंवा गेलेला मदरबोर्ड त्यात बसत नाही, आणि हे दोन्ही बिघाड असे नाहीत की वर्ध्यातल्या दुकानात संध्याकाळपर्यंत सुटतील. सुटा भाग मागवावा लागतो, नाहीतर पाऊणशे किलोमीटरवरच्या नागपूरला यंत्र न्यावं लागतं. तोवर थीसिस, लेक्चर, रुग्णांच्या नोंदी सगळं अडकून पडतं.

यावर पहिला आक्षेप वॉरंटीचा. बिझनेस वर्गाच्या यंत्रांना इंजिनियर जागेवर येऊन दुरुस्त करण्याची तीन वर्षांची, कधी पाच वर्षांची वॉरंटी घेता येते, हे खरं आहे आणि घरगुती मॉडेलांपेक्षा हा त्यांचा मोठा गुण आहे. पण साध्या वॉरंटीत पडून फुटणं बसत नाही, त्यासाठी अपघाती नुकसानीचं संरक्षण वेगळे पैसे भरून घ्यावं लागतं. म्हणजे तो खर्च मूळ किमतीतच धरला पाहिजे. दुसरा आक्षेप असा की पातळ यंत्र म्हटलं की हे आलंच. तसं नाही. त्याच लेनोवोच्या साध्या थिंकपॅड टी१४ च्या पाचव्या पिढीला २०२४ मध्ये, यंत्रं उघडून त्यांची दुरुस्ती तपासणाऱ्या आयफिक्सिटने दुरुस्तीसुलभतेचे दहापैकी नऊ गुण दिले. कंपनीने मनावर घेतलं तर जमतं, याचा हा पुरावा आहे. टू-इन-वनमध्येही ते मागायला हवं, आणि मोठी खरेदी करणाऱ्या संस्थांनी टेंडरमध्येच ती अट घालायला हवी.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो: साधा लॅपटॉप आणि वेगळा टॅबलेट घेतला तर पैसे वाचतात, शिवाय एक बिघडला तरी दुसरं चालतं. ज्याचं पेनाचं काम फक्त वाचताना खुणा करण्यापुरतं आहे, त्याने हेच करावं. पण रुग्णाची माहिती हाताळणाऱ्याची गोष्ट वेगळी. दोन यंत्रं म्हणजे तेच एक्स-रे, तीच नावं दोन ठिकाणी, आणि मधे बहुधा कुणाच्या तरी खासगी क्लाउडवर किंवा व्हॉट्सॲपवर. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानंतर हा निष्काळजीपणा परवडणारा नाही. बिझनेस टू-इन-वनमध्ये कूटबद्ध डिस्कची किल्ली जपणारी चिप, बोटाचा ठसा, कॅमेऱ्यावरची झडप हे सगळं एकाच जागी मिळतं.

तेव्हा माझा सल्ला असा. रोज, दुसऱ्या माणसासमोर, पेनाने काम करत असाल तरच टू-इन-वन घ्या. तेही पूर्ण मुदतीची जागेवरची वॉरंटी आणि अपघाती नुकसानीचं संरक्षण मिळून होणारी किंमत परवडत असेल तर. रॅम पुढे वाढणार नाही हे धरून १६ जीबीच्या खाली जाऊ नका. घेतल्याबरोबर चार्जिंगची मर्यादा ८० टक्क्यांवर लावा आणि मे महिन्यात ते कारमध्ये ठेवून जाऊ नका. दुकानात पैसे देण्याआधी स्क्रीन निम्मी उघडून टेबल हलवून पाहा, पेनाने मराठीत दोन ओळी लिहून पाहा, आणि स्क्रीन बदलायचा खर्च व वर्ध्यात इंजिनियर यायला लागणारा वेळ या दोन गोष्टी लेखी मागा. दुकानदार त्या लेखी देत नसेल तर साधा, उघडता येणारा लॅपटॉप घेऊन घरी या.