लहान मुलांना घेऊन शहरातल्या हॉटेलात उतरताना

दिवाळी आणि मे महिन्याच्या सुट्टीआधी दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. "डॉक्टर, बाळाला घेऊन चार दिवस मुंबईला चाललोय, कुठली औषधं बरोबर ठेवू?" औषधं मी लिहून देतोच, पण त्याआधी विचारतो, "उतरणार कुठे?" डॉक्टरला याच्याशी काय करायचंय, असं काहींच्या चेहऱ्यावर दिसतं. पण सहलीहून परतलेल्या लहान मुलांची जी दुखणी मी इतकी वर्षं बघतो आहे, त्यातली कितीतरी रस्त्यावर नाही, हॉटेलच्या खोलीत सुरू झालेली असतात.

गेल्या हिवाळ्यात लेक, जावई आणि सव्वादोन वर्षांच्या नातीबरोबर आम्ही दोघं तीन दिवस मुंबईला गेलो. नातीला राणीच्या बागेतले पेंग्विन बघायचे होते. लेकीने मोबाईलवर एक हॉटेल शोधून ठेवलं होतं. पोहण्याचा तलाव, मुलांना खेळायला वेगळी खोली, भिंतींवर कार्टून. फक्त ते होतं ठाण्याच्याही पुढे, घोडबंदर रस्त्यावर.

"तिथून भायखळा किती लांब?" मी विचारलं.

"बाबा, गाडीने तास-दीड तास."

"आणि दुपारी एकला हिला झोप आली की?"

लेक गप्प झाली. एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी ११ ते १४ तास झोप लागते, त्यात दुपारची झोप धरलेली आहे. सहलीत आपण पहिली काट मारतो ती नेमकी या झोपेवर. मग मूल दुपारी जेवत नाही, पाणी पीत नाही, गाडीत उलटी करतं आणि रात्री किरकिरतं. आईबाबांना वाटतं बाहेरचं खाणं बाधलं. पुष्कळदा ते नुसतं थकलेलं असतं. म्हणून माझ्या मते मुलांसाठी चांगलं हॉटेल म्हणजे जिथून दुपारी परत खोलीवर येता येतं ते. तलाव आणि खेळायची खोली त्यानंतर.

आम्ही दादरला एका साध्या हॉटेलात उतरलो. दादरहून धिम्या लोकलने भायखळा चौथं स्टेशन. सकाळी बाग उघडल्या उघडल्या गेलो, पेंग्विन पाहिले आणि जेवायच्या वेळेला परत आलो. (बुधवारी बाग बंद असते, वार बघून बेत करा.) वरळीचं नेहरू विज्ञान केंद्रही तिथून जवळ. शिवाय परळला वाडिया हे मुलांचं मोठं हॉस्पिटल हाकेच्या अंतरावर, हे मी मनात धरलंच होतं. 'डॉक्टर ऑन कॉल' असं हॉटेलवाले लिहितात. तो कुठून येणार आणि किती वेळात, हे विचारलं की उत्तर बहुधा गुळमुळीत येतं. त्यापेक्षा रात्री दोनला मुलांचे डॉक्टर हजर असतील असं जवळचं हॉस्पिटल कोणतं, हे निघण्यापूर्वीच पाहून ठेवा.

खोली ठरवायच्या आधी मी हॉटेलात स्वतः फोन केला. खिडकी किती उघडते, बाल्कनी आहे का, आंघोळीला नळाचं पाणी किती गरम येतं, जमिनीवर टाकायला जादा गादी मिळेल का, आणि डांबराच्या गोळ्या वापरता का. काउंटरवरचा माणूस म्हणाला, "साहेब, गोळ्यांचं आजवर कुणी विचारलं नव्हतं."

मी विचारतो, त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी दीड वर्षाच्या एका मुलाला आईवडील माझ्याकडे घेऊन आले. सहलीहून येऊन दोन दिवस झालेले. मूल मलूल, ओठ पांढरे, डोळे पिवळसर, आणि लघवी कोऱ्या चहासारखी. खोदून विचारल्यावर आईला आठवलं. हॉटेलच्या बाथरूममध्ये मोरीच्या जाळीवर पांढऱ्या गोळ्या होत्या. त्यातली एक बाळाच्या तोंडातून तिने काढली होती, पण ती अर्धीच हाताला लागली होती. मी त्याला लगेच मुलांच्या हॉस्पिटलला पाठवलं. तिथे रक्त द्यावं लागलं. तपासणीत जी-सिक्स-पी-डी नावाच्या एन्झाइमची जन्मजात कमतरता निघाली, जी तोपर्यंत घरात कुणाला ठाऊक नव्हती. मूल बरं झालं.

डांबराच्या पांढऱ्या गोळ्यांत बहुधा नॅप्थलीन असतं. पोटात गेलं की त्यापासून जे पदार्थ तयार होतात ते रक्तातल्या लाल पेशींवर मारा करतात. हे एन्झाइम त्या पेशींचं संरक्षण करतं. ते कमी असेल तर पेशी भराभर फुटतात आणि त्यांतलं रंगद्रव्य लघवीत उतरतं. हे सगळं घडायला एक ते तीन दिवस लागतात, म्हणून 'तेव्हा तर काही झालं नाही' या बोलण्यावर विसंबू नका. गोळी तोंडात गेल्याचा संशय आला तर उलटी काढायला जाऊ नका, दूध किंवा तूप-तेलाचं काही देऊ नका, कारण स्निग्ध पदार्थात नॅप्थलीन विरघळतं आणि जास्त शोषलं जातं. सरळ हॉस्पिटल गाठा. आणि खोलीत शिरताच बेसिन, मोरीची जाळी, कपाटाचा तळ आणि खण तपासून गोळ्या असतील तर बाहेर द्या. आमच्या खोलीतही फोनवर 'नाही' सांगून झाल्यावर कपाटात दोन सापडल्या!

खोलीत गेल्यावर बॅगा उघडण्याआधी मी जमिनीवर मांडी घालून बसलो. बायको हसली. पण मुलाच्या उंचीवरून खोली वेगळीच दिसते. चहाच्या किटलीची लोंबणारी वायर दिसते, डास मारायच्या औषधाची प्लगला लावलेली बाटली दिसते, आणि खिडकीखाली ठेवलेला सोफा दिसतो. हा सोफा मला सर्वांत जास्त घाबरवतो. मूल खिडकीपर्यंत पोचू नये असं आपल्याला वाटत असतं आणि हॉटेलने त्याला पायरीच करून दिलेली असते. तो आधी सरकवा. डासांच्या जाळीवर भरवसा ठेवू नका, ती मुलाचा भार पेलत नाही. खिडकी चार इंचांपेक्षा जास्त उघडत असेल आणि गज नसतील तर खोली बदलून मागा. न्यूयॉर्कमध्ये इमारतींच्या खिडक्यांतून मुलं पडण्याचे प्रकार इतके होत की १९७६ साली तिथे नियम झाला. दहा वर्षं किंवा त्याहून लहान मूल राहत असेल तर मालकाने खिडक्यांना गज बसवलेच पाहिजेत. त्यानंतर असे अपघात खूप कमी झाले. आपल्याकडे घरांना गज असतात म्हणून आपण निर्धास्त असतो, पण नव्या हॉटेलांच्या मोठ्या काचांना ते नसतात.

बाथरूममध्ये दोन गोष्टी. गीझरचं पाणी ६० अंश सेल्सियसला असेल तर मोठ्या माणसालाही पाच सेकंदांत खोल भाजतं, लहान मुलाला त्याहून लवकर. म्हणून बादलीत आधी थंड पाणी, मग गरम, आणि मूल आत घेण्यापूर्वी आपल्या कोपराने पाहायचं. भाजलंच तर वीस मिनिटं नळाच्या वाहत्या साध्या पाण्याखाली धरा. टूथपेस्ट नको, बर्फ नको. दुसरी गोष्ट, आंघोळ झाली की बादली रिकामी करून पालथी घाला. नुकतं चालायला लागलेलं मूल डोक्याकडे जड असतं, बादलीत वाकलं की तोल जातो आणि त्याला स्वतःला बाहेर येता येत नाही. अर्धी बादलीही पुरते.

झोपायला हॉटेलचे पलंग उंच असतात, गादी जमिनीवर टाकून घेणं उत्तम. वर्षाच्या आतल्या बाळाजवळ त्या गुबगुबीत उशा आणि जाड दुलया ठेवू नका.

खाण्याबद्दल लोक सर्वांत जास्त विचारतात आणि माझ्याकडे सांगायला सर्वांत कमी आहे. ताजं आणि गरम द्या, कापून ठेवलेली फळं टाळा, पाणी सीलबंद बाटलीचं. स्वयंपाकघर किती वाजता बंद होतं आणि मऊ खिचडी करून देतील का, एवढं विचारून घ्या.

ओआरएसची पाकिटं मात्र घरूनच न्या. मोठं पाकीट एक लिटरचं असतं, लहान २०० मिलिलिटरचं. हॉटेलात माप कुठून आणायचं? एक लिटरची सीलबंद बाटली हेच माप, मोठं पाकीट पूर्ण त्यात. अर्धं आज, अर्धं उद्या असं करू नका, क्षारांचं प्रमाण बिघडतं. दुकानात मिळणारी गोड पेयं ओआरएसची जागा घेऊ शकत नाहीत, त्यांत साखर फार असते आणि त्याने जुलाब वाढतात. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिलिलिटर, मोठ्याला १०० ते २००. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा चमच्याचमच्याने सुरू करा. मूल सुस्त पडलं, डोळे खोल गेले, शौचातून रक्त आलं, काहीच पोटात ठरत नसेल किंवा सहा-आठ तास लघवी झाली नसेल तर हॉटेलात थांबू नका. महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मोफत मिळते. कालवलेलं ओआरएस २४ तासांनंतर ओतून द्या, बाटली अर्धी उरली असली तरी.