काळ्या अक्षरातले चार रंग

“अंकातली रंगीत पानं एवढी महाग का पडतात, ते वाचकांना एकदा समजावून सांगा,” असं संपादकांनी सांगितलं. बहुतेकांचा समज असा की रंगीत पानाला शाई जास्त लागते, म्हणून पैसे जास्त. शाईचा खर्च असतोच, पण या हिशोबात तो फार मोठा नाही. मी पुण्यात प्रीप्रेसचं काम करते. मजकूर मशीनवर जाण्याआधी फाइल तपासणं, पानं लावणं, प्लेटसाठी पाठवणं, हे ते काम. एखादं पान रंगीत धरायचं की काळं, हे त्या एकट्या पानावर ठरत नाही. ऑफसेटला ते फॉर्मवर ठरतं आणि डिजिटलला फाइलच्या पोटात.

सोळा पानी फॉर्म म्हणजे एक मोठा कागद, दोन्ही बाजूंना आठ-आठ पानं. घड्या घातल्या की पानं क्रमाने येतात, पण सपाट कागदावर एका बाजूला १, ४, ५, ८, ९, १२, १३, १६ असतात आणि दुसऱ्या बाजूला उरलेली. नुसत्या काळ्या छपाईला दर बाजूला एक प्लेट लागते. रंगीतला चार: सायन, मॅजेंटा, पिवळी, काळी. आता समजा पान २ वर कवितेसोबत एक छोटं रंगीत चित्र आहे आणि पान ५ वर लेखकाचा रंगीत फोटो. रंगीत पानं दोनच, पण ती कागदाच्या दोन वेगळ्या बाजूंना पडली. म्हणजे प्लेट आठ. तोच फोटो ५ वरून ६ वर सरकवला तर दोन्ही पानं एका बाजूला येतात आणि पाच प्लेटमध्ये काम होतं. शिवाय त्या बाजूची बाकीची सहा पानंही रंगीत करायची म्हटलं तर प्लेटचा एक पैसाही वाढत नाही. हे मी दर वर्षी ऑगस्टमध्ये, दिवाळी अंकांची तयारी सुरू होताना सांगते. दर वर्षी सप्टेंबरच्या शेवटी एखादी जाहिरात येते, जाहिरातदाराला उजवंच पान हवं असतं आणि सगळा क्रम पुन्हा हलतो. जुन्या दिवाळी अंकांत रंगीत चित्रं वेगळ्या आर्टपेपरवर छापून मजकुराच्या मध्ये घातलेली दिसतात. त्यामागे देखणेपणाइतकाच हा हिशोबही होता.

डिजिटलमध्ये फॉर्म नाही, प्लेट नाही. तिथला घोळ मात्र मला जास्त छळतो.

गेल्या उन्हाळ्यात भूशास्त्राची एक विद्यार्थिनी प्रबंधाचं बिल आणि पेनड्राइव्ह घेऊन आली. प्रबंध तीनशेच्या आसपास पानांचा. तिने स्वतः मोजलेली रंगीत पानं तीस, आणि दुकानाच्या मशीनने जवळजवळ सगळीच रंगीत धरलेली. आपल्याला फसवलं, असं तिचं म्हणणं. मी फाइल उघडली. दुकानदाराने फसवलेलं नव्हतं. विद्यापीठाचं रंगीत बोधचिन्ह प्रत्येक पानाच्या डोक्यावर होतं. संदर्भसूचीतल्या लिंक निळ्या होत्या. पांढऱ्या कागदावरचं प्रमाणपत्र रंगीत मोडमध्ये स्कॅन केल्यामुळे सगळा कागदच फिकट पिवळा आला होता. आणि मुख्य म्हणजे तिचा सगळा काळा मजकूर आरजीबीतला काळा होता.

इथे थोडं तांत्रिक बोलावं लागेल, त्याला इलाज नाही. संगणकाचा पडदा लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशाने रंग दाखवतो. तिन्ही शून्य झाले की काळा. मशीनकडे मात्र काळ्याची वेगळी शाई किंवा टोनर असतो. पडद्यावरचा काळा छपाईच्या रंगांत उतरवताना सॉफ्टवेअर तो चारही रंगांत वाटून टाकतं. फोटोशॉपच्या मूळ अमेरिकी सेटिंगवर आरजीबीतल्या पूर्ण काळ्याचं काय होतं बघा: सायन ७५, मॅजेंटा ६८, पिवळा ६७, काळा ९०. बेरीज ३०० टक्के. शुद्ध काळ्याची बेरीज १००. डोळ्यांना दोन्ही काळेच दिसतात, पण मशीनचा मीटर डोळ्यांनी बघत नाही. पानावर काळ्याशिवाय दुसऱ्या रंगाचा एक ठिपका आला तरी ते पान रंगीत मोजलं जातं, आणि दुकानदारालाही मशीनच्या कंपनीला त्याच मीटरप्रमाणे पैसे द्यावे लागतात. “काळंच तर दिसतंय, रंगीताचे पैसे कसले?” म्हणून काउंटरवर आवाज चढवणाऱ्यांनी एकदा आपली फाइल तपासावी, एवढीच माझी विनंती आहे.

काही डिझायनर मित्र म्हणतात की चार रंगांचा काळा अधिक गडद आणि दाट उतरतो. मोठ्या भरीव जागेत उतरतो, हे मला मान्य आहे. मुखपृष्ठावर काळी पार्श्वभूमी असेल तर मी स्वतः काळ्याखाली थोडा सायन देते. पण अक्षरांत? देवनागरीत? दहा पॉइंटातला अनुस्वार, रफार, ऋकार किती बारीक असतो ते भिंग लावून बघावं. चार रंगांचं जुळणं मिलिमीटरच्या दहाव्या भागाने चुकलं तरी अनुस्वाराला गुलाबी कड येते आणि शिरोरेषा दुहेरी दिसू लागते. मॅपलिथो कागदावर तर एवढी शाई लवकर वाळतही नाही, समोरच्या पानाला लागते. वाचकाला कारण कळत नाही, पण त्याचे डोळे शिणतात. मराठी मजकूर शुद्ध काळ्यातच छापला पाहिजे, यावर मी कुणाशीही वाद घालायला तयार आहे.

यावर ‘मशीनमध्ये सेटिंग असतं’ हे उत्तर मिळतं. असतं. छापण्याआधी फाइल वाचणारं सॉफ्टवेअर आरजीबीतला काळा मजकूर शुद्ध काळ्यात नेऊ शकतं. पण त्यासाठी मजकूर मजकूर म्हणून फाइलमध्ये हवा. आपल्याकडे फॉन्ट फुटतील या भीतीने आख्खं पान जेपीजी करून पाठवतात. मग यंत्राच्या लेखी ते अक्षर राहत नाही, फोटो होतो. त्याच्या कडा मऊ पडतात आणि त्यातला काळा वेगळा काढता येत नाही. पीडीएफ करताना फॉन्ट आत बसवता येतात, हे सांगून सांगून मी थकले आहे.

रंगीत पानं एका मशीनवर आणि काळी दुसऱ्यावर छापून हाताने लावण्याचीही पद्धत आहे. प्रती खूप असतील तर ती परवडते. दोनचार प्रतींना ती करू नये. पान २३ रंगीत आणि २४ काळं असलं तरी कागद एकच असतो, त्यामुळे दोन्ही रंगीत मशीनवरच जातात. शिवाय दोन मशीनांच्या काळ्याची चमक वेगळी असते आणि लावताना एक पान जरी उलटं गेलं तरी पुढचं सगळं बिघडतं.

त्या विद्यार्थिनीची फाइल मी दुरुस्त करून दिली. रंगीत पानं तिने मोजली होती तेवढ्यावर आली. तरी पैसे वाचवायचे म्हणून ग्रंथालयाची प्रत पूर्ण काळी छापायचं ठरलं, आणि त्या निर्णयाने मला आजही बरं वाटत नाही. तिच्या नकाशात बेसाल्ट गडद हिरवा होता आणि जांभा लालसर. काळ्या छपाईत दोन्ही एकाच करड्या छटेचे झाले. कोकणातला जांभा नेमका कुठे संपतो, हाच तिच्या कामाचा विषय होता. रंगांऐवजी रेघा आणि ठिपके वापरले असते, तर दोन्ही प्रतींत नकाशा वाचता आला असता. ते करायला तिच्याकडे वेळ उरला नव्हता. मी पाहिलेल्या प्रबंधांच्या नियमावल्यांत समास किती, ओळींमधलं अंतर किती, बांधणी कशी, हे सगळं असतं. नकाशे आणि आलेख काळ्या प्रतीतही वाचता आले पाहिजेत, हे एक वाक्य तिथे घालायला विद्यापीठांना काहीच खर्च नाही. मार्गदर्शकांनी त्याची वाट न बघता पहिला मसुदा हातात आला की त्यातला नकाशा एकदा काळा छापून बघावा.