तापमानाचा आकडा आणि हवेचा झोत

एसएमडी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या घटकांचे पाय सर्किट बोर्डाच्या छिद्रांतून आरपार जात नाहीत. ते पृष्ठभागावरील तांब्याच्या पॅडवर टेकलेले असतात आणि सोल्डरचा पातळ थर त्यांना तिथे धरून ठेवतो. दोन टोकांचा रेझिस्टर साध्या सोल्डरिंग आयर्ननेही निघतो, पण चारही बाजूंना पाय असलेली किंवा पोटाखाली धातूचा मोठा पॅड असलेली आयसी काढायची तर सगळे जोड एकाच वेळी वितळावे लागतात, आणि ते काम गरम हवेच्या झोताखेरीज सहसा साधत नाही. हा झोत देणारे यंत्र, ज्याला दुरुस्तीच्या दुकानांत ‘ब्लोअर’ किंवा ‘एसएमडी मशीन’ म्हणतात, विकत घेताना बहुतेकांची नजर प्रथम कमाल तापमानाच्या आकड्यावर जाते आणि निवडीची गल्लत तिथेच सुरू होते.

कथील आणि शिसे यांचे ६३:३७ प्रमाणातील सोल्डर १८३ अंश सेल्सिअसला वितळते. युरोपीय संघाने घातक द्रव्यांवर घातलेले निर्बंध १ जुलै २००६ पासून लागू झाल्यानंतर प्रचारात आलेले कथील, चांदी आणि तांब्याचे शिसेविरहित सोल्डर २१७ ते २२० अंशांच्या दरम्यान वितळते. तरीही यंत्र ३५० अंशांच्या आसपास ठेवावे लागते, कारण नळीबाहेर पडताच हवा झपाट्याने निवते आणि बोर्डाच्या आतील तांब्याचे रुंद थर आलेली उष्णता चहूकडे ओढून नेतात. म्हणून ४५० आणि ५०० अंशांच्या यंत्रांत निवड करण्यात अर्थ नाही. दर सेकंदाला जोडापर्यंत किती उष्णता पोहोचते आणि झोत कमी-अधिक केल्यावरही तापमान किती स्थिर राहते, हे पाहण्यात अर्थ आहे.

झोत निर्माण करण्याच्या पद्धतीवरून या यंत्रांचे मुख्यतः दोन प्रकार पडतात. एकात खोक्यातील डायफ्रॅम पंप हवा दाबाने रबरी नळीतून हँडलपर्यंत पाठवतो. हवा मोजकीच येते, पण दाब असल्यामुळे अरुंद नोझल, म्हणजे टोकाला बसवायची धातूची तोटी, लावली तरी ती अडत नाही. दुसऱ्यात छोटा पंखा हँडलमध्येच असतो. हे यंत्र स्वस्त आणि कमी आवाजाचे असते, हवाही भरपूर देते, मात्र बारीक नोझल लावताच पंख्याची ताकद अपुरी पडते आणि कोंडलेल्या हवेमुळे हीटरवर ताण येतो. किरकोळ दुरुस्तीसाठी पंख्याचे यंत्र पुरेसे आहे, मात्र त्याला रुंद नोझलच वापरावे. रंग खरवडण्यासाठी किंवा श्रिंक ट्यूब आवळण्यासाठी मिळणारी हीट गन मात्र या कामाला घेऊच नये, कारण तिचा झोत आवरता येत नाही आणि शेजारचे घटक उडून जातात.

यंत्रावर अधिक खर्च करण्यापेक्षा बोर्ड खालून तापवणाऱ्या प्रीहीटरसाठी पैसे राखून ठेवणे केव्हाही शहाणपणाचे, आणि हा मुद्दा फारच थोडे खरेदीदार मनावर घेतात. बोर्ड आधीच १०० ते १५० अंशांपर्यंत सावकाश तापलेला असेल, तर वरच्या झोताला उरलेले अंतरच कापायचे राहते. काम कमी तापमानात आणि कमी वेळात होते, बोर्ड एका बाजूने फुगून वाकत नाही आणि अचानक तापण्याने चिरणारे सिरॅमिक कपॅसिटरही वाचतात. प्रीहीटर नसलेला माणूस नेमके उलट करतो: जोड वितळत नाही म्हणून तापमान चढवतो आणि सोल्डर वितळण्याआधीच बोर्डाचे थर सुटू लागतात.

कामाचा क्षण ओळखणे डोळ्यांच्या सवयीचे आहे. आयसीभोवती फ्लक्स, म्हणजे धातूवरील ऑक्साइड हटवणारा चिकट पदार्थ, लावून झोत गोल फिरवत ठेवला की तो आधी पातळ होऊन पसरतो, त्याचा थोडा धूर निघतो, आणि मग निस्तेज दिसणारे जोड एकाएकी चकाकतात. त्या वेळी चिमट्याने आयसीला केसभर ढकलले आणि ती आपोआप जागेवर परतली, तर खालचे सगळे सोल्डर द्रव झाले असे समजावे, कारण द्रवाचा पृष्ठताणच तिला पॅडवर ओढून आणतो. ती परतत नसेल तर थांबावे. घाईने उचललेल्या आयसीबरोबर पॅडही उखडून येतात आणि ती हानी भरून काढणे फार किचकट असते.

विकत घेण्यापूर्वी यंत्राची परीक्षा निकामी बोर्डावर करणेच योग्य. सर्वांत कमी झोतावर ०४०२ आकाराचा, म्हणजे जेमतेम एक मिलिमीटर लांब आणि अर्धा मिलिमीटर रुंद असा कपॅसिटर वितळलेल्या सोल्डरवर जागचा हलतो का, हे पाहावे. हलत असेल तर कमाल क्षमता कितीही असली तरी ते यंत्र बारीक कामाचे नाही. तापमानासाठी नोझलपासून एक सेंटिमीटरवर थर्मोकपल धरून झोत बदलावा आणि आकडा किती डगमगतो ते न्याहाळावे. प्लग सॉकेटमधून काढून मल्टिमीटरने धातूचे नोझल आणि प्लगची अर्थिंगची पिन यांच्यातील रोधही मोजावा. तो शून्याच्या जवळपास नसेल तर नोझलवर साचलेला विद्युतभार मॉसफेटसारखे नाजूक घटक निकामी करू शकतो, आणि असे यंत्र आतील जोडणी दुरुस्त होईपर्यंत बोर्डाजवळ नेऊ नये.