न आलेल्या रेषांची हजेरी

गडहिंग्लजच्या कॉलेजात बी.एस्सी.ला असताना सरांनी क्ष-किरण विवर्तनाची एक जुनी फिल्म पुढे ठेवली आणि कोणत्या रेषा दिसत नाहीत ते लिहून आणायला सांगितलं. "आलेल्यांची हजेरी सगळेच घेतात. न आलेल्यांची घ्या की!" स्फटिकाच्या सममितीमुळे काही दिशांना किरण एकमेकांना पुसून टाकतात, हे मला तेव्हा कळलं. ऊस सोडून पोरगा एम.एस्सी.ला कोल्हापूरला कशाला, असं वडील म्हणाले, तेव्हा सर घरी येऊन तास-दीड तास बसले. शिवाजी विद्यापीठात गेलो तो त्यांच्या शब्दावर.

पुढे हेमटाइट हाती आला. आमच्याकडच्या तांबड्या मातीला रंग देणारं हे लोहाचं ऑक्साइड. त्याचं ००३ परावर्तन निषिद्ध, म्हणजे दिसायलाच नको. पण क्ष-किरणांची ऊर्जा लोहाच्या शोषणकडेजवळ, ७११२ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास आणली, की ते उमटतं. त्या ऊर्जेला अणूतला सगळ्यात आतला इलेक्ट्रॉन रिकाम्या कक्षांकडे खेचला जातो. त्या कक्षांचा रोख कुठे, शेजारचे ऑक्सिजन कसे बसलेत, यावर विखुरणं ठरतं. एरवी सारखे भासणारे लोहाचे अणू वेगळे वागतात आणि पुसणं अपुरं राहतं. हे १९९२ मध्ये फिंकेलस्टाइन, शेन आणि शास्त्री यांनी दाखवलं होतं. इलेक्ट्रॉनांची मांडणी इतकी थेट दाखवणारी दुसरी रीत मला तरी ठाऊक नाही.

ऊर्जा हवी तशी निवडता येईल असा प्रखर किरण इंदूरच्या इंडस-२ या सिंक्रोट्रॉनवर मिळाला. तिथे २.५ अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्टचे इलेक्ट्रॉन सुमारे १७२ मीटर परिघाच्या कड्यात फिरतात.

निषिद्ध ००३ चा ठिपका दिसताच सरांना फोन लावला. सिंक्रोट्रॉन त्यांनी कधी पाहिला नव्हता. शांतपणे विचारलं, "खरा कशावरून? आत दोनदा वळून त्याच वाटेला लागलेला किरण असला तर?"

मग आम्ही स्फटिक ००३ च्या थरांना लंब असलेल्या अक्षाभोवती थोडा थोडा फिरवत नेला. नकली ठिपके एखाद्या कोनाला टोकदार उसळून विझत. आमचा लयीत कमी-जास्त होत राहिला आणि ऊर्जा कडेपासून दूर नेताच मावळला.

प्रबंधात तुमचे आभार पहिल्या पानावर घालतो म्हटलं, तर सर म्हणाले, "ते राहू दे. आधी सगळ्या कोनांचे आकडे धाड."