ठेवा एकाच घरी ठेवू नका



गेल्या पावसाळ्यात आमच्या मंडळाचा संगणक बंद पडला. बटण दाबले की पंखा फिरायचा, पण पडद्यावर अक्षर उमटायचे नाही. दुरुस्तीवाल्याने उघडून पाहिले आणि सांगितले, "मदरबोर्ड गेला. नवीनच घ्या." संगणक नवा घेता येतो हो! पण त्या पेटीत जे होते, ते बाजारात मिळणारे नव्हते.

नायगावची आमची चाळ पुनर्विकासासाठी रिकामी होणार हे कळले, तेव्हाच मंडळाने ठरवले होते की कपाटातले सगळे संगणकावर चढवायचे. जयंतीच्या मिरवणुकांचे फोटो, वधू-वरांच्या जुन्या याद्या, वर्गणीच्या वह्या, जुन्या साप्ताहिकांची कात्रणे. त्याहून मोलाचे म्हणजे चाळीतल्या म्हाताऱ्या माणसांच्या मुलाखती. त्या आम्ही मोबाइलवर घेतल्या होत्या.

त्यात एका आजींची मुलाखत होती. ७ डिसेंबर १९५६ रोजी त्या १४ वर्षांच्या होत्या. राजगृहापासून दादर चौपाटीपर्यंत परमपूज्य बाबासाहेबांच्या अंत्ययात्रेत वडिलांचा हात धरून चालल्या होत्या. तिथे भदंत आनंद कौसल्यायन यांनी लाखो लोकांना धम्मदीक्षा दिली, तेव्हा चितेसमोर हात जोडून उभे राहणाऱ्यांत त्याही होत्या. हे सारे त्यांनी ४० मिनिटे सांगितले होते. २०२१ साली आजी कालकथित झाल्या. आता त्यांच्या नातीचा मंगल परिणय ठरला होता. मुलगी आमच्याकडे येऊन म्हणाली, "काका, लग्नाच्या दिवशी आजीचा आवाज सगळ्यांना ऐकवायचा आहे. आहे ना तुमच्याकडे?"

आम्ही छातीठोकपणे "आहे" म्हणालो. पण मनात चर्र झाले. कारण मोबाइलमधली मुलाखत आम्हीच पुसली होती. जागा भरली होती, आणि आमचा समज असा की, संगणकात 'रेड' आहे, मग भीती कसली?

रेड म्हणजे पोलिसांची धाड नव्हे! १९८८ साली अमेरिकेत बर्कली येथील पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी ही कल्पना मांडली. एक महागडी मोठी डिस्क घेण्याऐवजी स्वस्तातल्या अनेक डिस्क एकत्र बांधायच्या आणि एखादी मेली तरी काम चालू ठेवायचे. आम्ही कारकुनी करणारे, म्हणून आमच्या भाषेत सांगतो. समजा तीन वह्या आहेत. पहिलीत ५ लिहिले, दुसरीत ७, आणि तिसरीत त्यांची बेरीज १२. उद्या दुसरी वही उंदराने खाल्ली, तर १२ मधून ५ वजा करा, ७ परत मिळाले. डिस्कमधला हिशेब सम-विषमाचा असतो आणि बेरीज तिन्ही डिस्कवर आळीपाळीने ठेवतात, पण तत्त्व हेच. मात्र दोन वह्या गेल्या, तर राहिलेल्या एका वहीवरून काही काढता येत नाही.

आमच्या संगणकात अशाच २ टीबीच्या तीन डिस्क होत्या. २०१५ साली मंडळाच्या एका तरुण कार्यकर्त्याने लिनक्स ही मोफत प्रणाली घालून तो बांधून दिला होता. पुढे नोकरीसाठी तो परगावी गेला.

आम्ही तिन्ही डिस्क पिशवीत घालून लॅमिंग्टन रोडला गेलो. नवा संगणक घेतला आणि दुकानातल्या पोराला म्हटले, "या यात बसवून दे." त्याने बसवल्या, विंडोज सुरू केले. पडद्यावर चौकट आली. पोरगा म्हणाला, "साहेब, दोन डिस्क कोऱ्या दाखवतंय, तिसरी तर दिसतच नाही. इनिशिअलाइझ करायला सांगतंय. ओके करू?"

आम्ही मान हलवणार, तोच ऑफिस सुटल्यावर तिथे पोचलेली आमची पुतणी ओरडली, "दादा, थांबा! माउसवरचा हात काढा!" ती एका कंपनीत संगणकाच्या देखभालीचेच काम करते. पोरगा वाईट नव्हता. पण विंडोजला लिनक्सची रेड वाचता येत नाही, म्हणून त्याला ती कोरी वाटली. अक्षर न ओळखणाऱ्याला भरलेले पानही कोरेच! ओके म्हटले असते, तर त्या भरल्या पानावर नव्या मांडणीचा शिक्का उमटला असता.

पुतणीने विचारले, "काका, तिसरी डिस्क कधी मेली?" आम्हाला ठाऊक नव्हते. मग आठवले. दोन-तीन महिने संगणक सुरू करताना पडद्यावर इंग्रजीत एक सूचना येत होती. आम्ही एंटर मारून पुढे जात होतो. ऑफिसात एका रुपयाचा फरक आला तर रात्री आठपर्यंत बसणारे आम्ही, पण समाजाच्या ठेव्यापुढे ती ओळ वाचली नाही. आता एकही चूक चालणार नव्हती.

परळला पुतणीच्या घरी रविवारचा सगळा दिवस गेला. तिने आधी डिस्कवर १, २, ३ असे आकडे टाकले. मग तेवढ्याच मापाच्या दोन नव्या डिस्क आणल्या आणि जुन्या दोन्हींची जशीच्या तशी नक्कल काढायला लावली. एकेकीला पाच तासांच्या आसपास लागले. ती म्हणाली, "काका, मूळ डिस्कवर प्रयोग करायचा नाही. जे करायचं ते नकलेवर." दुसऱ्या डिस्कच्या शेवटी शेवटी काटा अडकला. काही जागा पुन्हा पुन्हा प्रयत्न करूनही वाचता आल्या नाहीत.

मग तिने पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू केले. आमच्यासारख्या रेडची घडण प्रत्येक डिस्कवरच लिहिलेली असते. कोण पहिली, कोण दुसरी, बेरीज कशी मांडली, सगळे. म्हणून संगणक बदलला तरी नवे लिनक्स ती नोंद वाचून डिस्क परत जोडते. रेडचे वेगळे कार्ड असेल, तर मात्र बहुधा त्याच जातीचे कार्ड शोधावे लागते. तिने ती जोडणी 'फक्त वाचा, लिहू नका' या अटीवर उघडली. आमच्या फोल्डरांची नावे पडद्यावर आली तेव्हा आमचे डोळे भरले. सगळे आधी एका बाहेरच्या डिस्कवर उतरवले, फाइली मोजल्या, जुळवल्या, आणि मगच नव्या संगणकात घातले.

आजी मिळाल्या. मंगल परिणयाच्या दिवशी, त्रिशरण-पंचशील झाल्यावर त्यांचा आवाज सभागृहात घुमला आणि नातीच्या आईला हुंदका आवरेना.

पण खरे ते सांगितले पाहिजे. तीन फाइली गेल्या. दोन फोटो, आणि लालबागच्या एका गिरणी कामगार बाबांची मुलाखत. १९८२ च्या संपात घर कसे चालवले हे ते सांगू लागतात आणि तिथेच आवाज अडकतो. पुढचे ऐकू येत नाही. बाबाही आता नाहीत. त्यांच्या मुलाला आम्ही हे तोंडाने जाऊन सांगितले. तो एवढेच म्हणाला, "काका, तेव्हाच मला एक कॉपी दिली असती तर?" या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते.

१९१७ साली बाबासाहेब लंडनहून परत आले. त्यांचे ग्रंथ आणि सामान दुसऱ्या बोटीने येत होते. महायुद्ध चालू होते. पाणबुडीने ती बोट बुडवली आणि पोटाला चिमटा घेऊन जमवलेले ग्रंथ समुद्राच्या तळाशी गेले. तेव्हा दुसरी प्रत काढणे कोणाच्या हातात नव्हते. पुढे त्याच महामानवाने दादरला ग्रंथांसाठी राजगृह बांधले. आज दुसरी प्रत काढायला एक केबल आणि एक रात्र पुरते. आपण ती काढत नसू, तर दोष पाणबुडीला कसा द्यायचा?

म्हणून ज्या ज्या विहारात, मंडळात संगणक आहे, त्यांना आमची हात जोडून विनंती आहे. रेड एखादी डिस्क मेली तर वाचवते. आपल्या हाताने पुसलेले, पाण्याने भिजलेले, चोराने नेलेले ती वाचवत नाही. तेव्हा ठेव्याची एक प्रत दुसऱ्या घरी ठेवा. संगणक काही सूचना देत असेल तर ती वाचून घ्या, समजली नाही तर पोरांना विचारा. हलवायच्या आधी नक्कल काढा, डिस्कवर आकडे घाला. अनोळखी चौकटीत ओके दाबू नका. आणि ज्याची मुलाखत घेतली, त्याच्या घरी एक प्रत त्याच दिवशी द्या.

आमच्या मंडळाने आता तीन प्रती केल्या आहेत. एक मंडळात, एक परळला पुतणीकडे, एक गिरगावातल्या एका उपासकांकडे. पौर्णिमेला विहारात जमलो की तिन्हींची तपासणी होते. आणि प्रत्येक मुलाखत ज्याच्या त्याच्या घरी पेनड्राइव्हवर पोचली आहे. लालबागच्या त्या घरीही दिली. अर्धीच आहे, पण ती त्यांची आहे.

भवतु सब्ब मंगलम्! जयभीम!